रस्ता थंडीने तडकतो का?



थंडीने द्राक्षाचा मणी तडकतो, हे निफाड भागातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. मण्यात पाणी उतरलेले असते, पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो आणि सकाळी बागेत पाऊल टाकावे तो टपोरे मणी फाटलेले. म्हणून तर डिसेंबर-जानेवारीत आपण अपरात्री उठून बागेत शेकोट्या पेटवतो आणि पहाटे ठिबक सोडतो. पण मण्यासारखाच डांबरी रस्ताही थंडीने तडकला, असे कोणी सांगितले तर तुम्ही विश्वास ठेवाल का? मी ठेवला होता. निदान अर्धा दिवस तरी. त्या अर्ध्या दिवसाने एका गावाचे मोठे नुकसान व्हायचे थोडक्यात टळले. ती हकीकत आज सांगतो. तिच्यात आपल्या सर्वांच्या कामाचे थोडे शास्त्रही आहे.

तडे आणि त्यांचे कारण

जानेवारीचा महिना होता. थंडीने बागांचे काय झाले ते पाहायला मी निफाड तालुक्यातल्या एका गावात गेलो होतो. बाग पाहून परतताना मंडळींनी मला रस्त्यावर थांबवले. रस्ता होऊन जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. काळाभोर दिसत होता, पण जागोजागी तडे. काही तडे कडेने लांबच लांब गेलेले, काही रस्ता आडवा कापणारे, आणि मोरीजवळ तर सुसरीच्या पाठीसारखी जाळी पडलेली.

सरपंच म्हणाले, "साहेब, ठेकेदाराचा माणूस काल येऊन गेला. म्हणतो, यंदा थंडी कडाक्याची पडली. तुमचे मणी तडकतात तसा रस्ता तडकला. हा निसर्गाचा कोप आहे, आमच्या हमीत तो बसत नाही. तुम्ही बीएस्सी झालेले. खरे काय ते सांगा."

बंधूंनो, मी शेतीचा पदवीधर. राहुरीला माती शिकलो, पीक शिकलो, डांबर काही शिकलो नाही. तरी चार माणसांत "मला माहीत नाही" म्हणायला जीभ वळेना. "असेलही तसे. थंडीने पदार्थ आकसतात हे खरे आहे," असे बोलून मी मोकळा झालो. तिथेच एक आजीबाई उभ्या होत्या. त्यांच्या सुनेला बाळंतपणासाठी याच रस्त्याने जीपमधून नेताना जुन्या खड्ड्यांनी काय हाल झाले, ते त्यांनी मला मागेच सांगितले होते. त्या एवढेच म्हणाल्या, "म्हंजी आता पुन्ना धा वरसं खड्ड्यातच."

ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेले नाही. हमीच्या मुदतीत रस्ता बिघडला तर दुरुस्ती ठेकेदाराच्या गळ्यात पडते. पण कारण निसर्गाचे ठरले तर गावाने कोणाकडे जायचे? द्राक्षाच्या पेट्या, उसाच्या ट्रॉल्या, शाळेची पोरे, आजारी माणसे, सगळ्यांची वाट तीच. आणि मी तर "असेलही" म्हणून ठेकेदाराला आयताच साक्षीदार मिळवून दिला होता.

मदतीला आली पुतणी

योगायोग असा, की माझ्या मावसभावाची मुलगी त्याच आठवड्यात सुट्टीवर गावी आली होती. ती कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात असते आणि तिचे कामच मुळी डांबर तपासण्याचे. नेमके काय तपासते? थंडीत डांबर तडकेल की नाही, तेच! मी तिला रस्त्याची हकीकत सांगितली तेव्हा ती आधी हसली. मग म्हणाली, "काका, थंडीने रस्ते तडकतात हे अगदी खरे आहे. आमच्याकडे त्यावरच पोट चालते माझे. पण तुमचा रस्ता थंडीने तडकला असेल, तर मी माझी नोकरी सोडून द्राक्षे लावते."

त्या रात्री ओसरीवर बसून तिने मला जे समजावले, ते मी माझ्या भाषेत तुमच्यापुढे मांडतो.

डांबर म्हणजे काय चीज आहे?

खनिज तेल शुद्ध करताना पेट्रोल, रॉकेल, डिझेल असे हलके भाग निघून जातात आणि तळाशी जो जड, काळा, चिकट गाळ उरतो, तो म्हणजे बिटुमेन. बोलीत आपण त्याला डांबरच म्हणतो. रस्त्यात खडी असते शंभरात चौऱ्याण्णव-पंचाण्णव भाग आणि डांबर असते पाच-सहा भाग. पण खडीला धरून ठेवणारे तेच. लाडवातला पाकच म्हणा ना.

आणि पाकाचा गुण गुऱ्हाळवाल्याला वेगळा सांगायला नको. कढईतला रस उकळताना पातळ असतो, काकवी झाली की तार धरतो, वाफ्यात ओतला की घट्ट होतो आणि ढेप थंड झाली की हातोडीने फुटते. डांबराचेही तसेच. उन्हाळ्यात ते चपलेला चिकटते, साधारण हवेत चिवट राहते आणि फार थंडीत काचेसारखे ठिसूळ होते.

आता पुढचा मुद्दा नीट लक्षात घ्या. थंडीने रस्ता आकसू पाहतो. तो मोकळा असता तर आकसून गप्प बसला असता. पण तो खालच्या खडीला घट्ट धरलेला असतो आणि लांबीही मैलोगणती असते. आकसायला जागाच नाही. द्राक्षाच्या मांडवाची तार थंडीत कशी ताठ होते, पाहिले आहे ना? तसा ताण रस्त्यात भरतो. डांबर चिवट असेल तर हळूहळू सैलावून तो ताण पचवते. ठिसूळ झाले असेल तर पचवता येत नाही, आणि एका कडाक्याच्या रात्री रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवा फाटतो. मग काही अंतरावर दुसरा तडा, पुन्हा तिसरा. थंडीच्या तड्याची ही खूण ध्यानात ठेवा: तो आडवा असतो, सरळ असतो आणि साधारण सारख्या अंतराने पुन्हा पुन्हा येतो. तड्यात बर्फाचे पाणी शिरते, गोठून फुगते आणि रस्ता उकलत जातो.

सुईपासून सुरुवात

कॅनडात हिवाळ्यात उणे तीस अंश ही नवलाई नाही. तिथे १९६७ साली मॅनिटोबा प्रांतात विनिपेग शहराच्या आग्नेयेला सेंट ॲन इथे मुद्दाम एक चाचणी रस्ता बांधला. त्याचे तुकडे पाडून निरनिराळी डांबरे वापरली आणि हिवाळ्याची वाट पाहिली. आपण संशोधन केंद्रावर वाणांचे प्लॉट टाकतो, तसेच हे. दिसले काय? बाजारात एकाच प्रतीची म्हणून विकली जाणारी डांबरे सारखी वागली नाहीत. एका तेलापासून काढलेले डांबर फार तडकले, दुसऱ्या तेलापासून काढलेले कमी.

त्या काळी प्रत ठरवायची ती सुईने. २५ अंशांवर ठेवलेल्या डांबरावर १०० ग्रॅम भाराची सुई ५ सेकंद टेकवायची आणि ती किती रुतली ते मोजायचे. जास्त रुतली तर डांबर मऊ, कमी रुतली तर कडक. आपल्या देशातही ६०/७०, ८०/१०० अशी डांबराची नावे होती, ती या सुईच्या मापावरूनच. पण २५ अंशांवरचा मऊपणा पाहून उणे तीसमधले वागणे कसे कळणार? उन्हाळ्यात बैल पाहून पावसाळ्यातल्या चिखलात तो कसा चालेल, हे कोणी सांगू शकतो का?

जर्मनीत १९३७ साली फ्रास नावाच्या शास्त्रज्ञाने एक युक्ती काढली होती. पोलादाच्या लहानशा पातळ पट्टीवर डांबराचा अर्धा मिलिमीटर जाडीचा थर द्यायचा. मिनिटाला एक अंश या गतीने थंड करत ती पट्टी पुन्हा पुन्हा वाकवायची. ज्या अंशावर थरात पहिली चीर दिसेल तो त्या डांबराचा ठिसूळपणाचा अंश. ही चाचणी आजही आहे. पण थर फार पातळ, माप नाजूक, त्यामुळे पुन्हा केली तर उत्तर थोडे इकडचे तिकडे होते.

आधी म्हातारे करा, मग परीक्षा घ्या

पुढे १९८७ साली अमेरिकेने रस्त्यांच्या संशोधनासाठी १५ कोटी डॉलरचा कार्यक्रम हाती घेतला. त्यातले ५ कोटी फक्त डांबरासाठी होते. १९९३ पर्यंत काम चालले आणि त्यातून परीक्षेची नवी रीत निघाली.

त्या रीतीचा पहिला नियम मला फार आवडला. डांबर नवे असताना त्याची थंडीची परीक्षा घ्यायची नाही. ते तडकते म्हातारपणी. उन्हाने आणि हवेने वर्षानुवर्षे ते कडक होत जाते. मग प्रयोगशाळेत त्याला मुद्दाम म्हातारे करतात. प्रथम काचेच्या आठ बाटल्यांत ३५-३५ ग्रॅम डांबर घेऊन १६३ अंशांच्या भट्टीत गरगर फिरवतात, ८५ मिनिटे. ही झाली मिक्सर प्लँटमध्ये गरम होताना सोसावी लागणारी झळ. मग तेच डांबर थाळ्यांत ओतून बंद भांड्यात वातावरणाच्या सुमारे वीसपट दाबाच्या हवेत २० तास ठेवतात. वीस तासांत डांबराला कित्येक वर्षांचे वय चढते.

मग त्या म्हाताऱ्या डांबराची साच्यात एक पट्टी पाडतात. लांबी सुमारे १२७ मिलिमीटर, रुंदी पाऊण इंचाहून कमी, जाडी सव्वासहा मिलिमीटर. चिक्कीची उभी कापलेली पट्टी डोळ्यांपुढे आणा. ती न गोठणाऱ्या थंडगार द्रवात तासभर ठेवायची. मग दोन टेकूंवर आडवी ठेवून मधोमध १०० ग्रॅम भार २४० सेकंद द्यायचा आणि ती किती वाकते ते यंत्राने टिपायचे. मोठ्या आकड्यांचे रस्ते, आणि भार पावशेराच्याही निम्म्याहून कमी! पण सगळी मेख त्यात आहे.

त्यातून दोन आकडे निघतात. पहिला ताठरपणाचा. भार दिल्यापासून ६० सेकंदांनी तो ३०० मेगापास्कलच्या वर नसावा. जास्त ताठर म्हणजे थंडीत ताणही जास्त. दुसरा आकडा सैलावण्याचा. पट्टी वेळेबरोबर किती भराभर नमते, ताण कसा सोडते, ते त्यावरून कळते. तो ०.३०० पेक्षा कमी नसावा. घरात माणूस कडक असला तरी चालते, पण नमते घेता यायला हवे. नाहीतर भांडण तुटेपर्यंत जाते. डांबराचेही तेच. कित्येकदा ताठरपणात पास झालेले डांबर सैलावण्यात नापास होते.

परीक्षा नेमक्या किती थंडीत घ्यायची? रस्ता उणे ३४ अंश सोसणारा हवा असेल तर पट्टी उणे २४ वर तपासतात. दहा अंश वर. कारण उणे ३४ मध्ये जे दोन तासांत घडते ते दहा अंश वर एका मिनिटात दिसते, असा हिशेब शास्त्रज्ञांनी बसवला. नाहीतर एका पट्टीपुढे दोन तास बसावे लागले असते. या रीतीत डांबराचे नावच बोलके झाले. ५८-३४ म्हटले की रस्त्याचे तापमान वर ५८ अंशांपर्यंत आणि खाली उणे ३४ पर्यंत जाईल तिथे ते चालावे.

तरीही रस्ते तडकले

इतके सगळे झाले. मग कॅनडातले तडे संपले का? नाही. इथे माझ्या पुतणीच्या डोळ्यांत चमक आली. म्हणाली, "काका, खरी गंमत इथून आहे."

ऑन्टारिओच्या उत्तरेला टिमिन्स गावाजवळ महामार्ग ६५५ वर २००३ साली चाचणीचे सात तुकडे बांधले. कागदावर सगळ्यांची प्रत एकच. काही हिवाळे गेले आणि काही तुकडे भरपूर तडकले, काही जवळजवळ धड राहिले. एकाच इयत्तेत एकाच गुणांनी पास झालेली पोरे, पण शेतात उतरल्यावर एक कष्टाळू आणि एक बसकट!

किंग्स्टन इथल्या क्वीन्स विद्यापीठात या कोड्यावर पुष्कळ काम झाले. एक कारण सापडले ते वेळेचे. पट्टी थंडीत एकच तास ठेवत होते. हिवाळा काय तासाभराचा असतो? तीच पट्टी २४ तास, ७२ तास थंडीत ठेवली तर काही डांबरे हळूहळू आणखी कडक होत जातात. भाकरीचे उदाहरण घ्या. तव्यावरून काढली तेव्हा मऊ, सकाळी शिळी झाली की कडक. आणि गंमत म्हणजे शिळी भाकरी पुन्हा तव्यावर टाकली की मऊ होते, तसे डांबरही पुन्हा गरम केले की पूर्ववत होते. म्हणून हा दोष सहज नजरेत येत नव्हता. आता ऑन्टारिओत तीन दिवस थंडीत ठेवून तपासण्याची रीत बसली आहे.

दुसरे कारण ऐकून मात्र मला दूधसंघ आठवला. भेसळ! वापरलेले इंजिन ऑइल शुद्ध केल्यावर तळाशी जो गाळ उरतो, तो काही डांबरात मिसळलेला निघाला. त्याने डांबर मऊ होते आणि साध्या परीक्षेत सहज पास होते. पण वय झाले, की असे डांबर ठिसूळ व्हायला वेळ लागत नाही. ही चोरी पकडली कशी? इंजिनची झीज होऊ नये म्हणून इंजिन ऑइलमध्ये जस्ताचे संयुग घातलेले असते. डांबरात जस्त जवळजवळ नसते. क्ष-किरणांनी तपासले तर जस्त दिसले. क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० साली हे छापून जाहीर केले. दुधात पाणी घातले तर लॅक्टोमीटर बोलतो, डांबरात गाळ घातला तर जस्त बोलते.

मी विचारले, "अगं, मग पहिल्या परीक्षेचा उपयोग काय?" ती म्हणाली, "काका, परीक्षा खोटी नव्हती. अपुरी होती. रस्त्याने दाखवले तसे आम्ही परीक्षेला शिकवले." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. माती परीक्षणाचा कागद हातात घेऊन बांधावर जाणाऱ्या माझ्यासारख्याने तर ते पाठच करावे.

मग आपल्या रस्त्याचे काय?

आता मूळ प्रश्न. निफाडला पारा चार-पाच अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली. तरी तो शून्याच्या वरच. डांबराच्या या नव्या प्रतींमध्ये थंडीची सर्वांत सौम्य पायरीच मुळी उणे दहा अंशांची आहे. म्हणजे जे डांबर थंडीच्या परीक्षेत अगदी काठावर पास होते, तेही आपल्या थंडीला हसेल. आपल्या देशात थंडीच्या तड्यांचा खरा विचार करावा लागतो तो लडाख, लाहौल-स्पिती अशा भागांत. आपल्या गावातले जे जवान तिकडे सीमेवर राहून आले त्यांना विचारा. थंड भागांत मऊ प्रतीचे डांबर घेतात. आपल्याकडे चिंता उलटी. उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे तापतो, तिथे डांबर पातळ होऊन वाहू नये, रस्ता दबू नये म्हणून कडक प्रत लागते. आपल्या देशात २००६ पासून सुईऐवजी घट्टपणाच्या मापावर प्रती ठरतात आणि आपल्याकडे बहुतेक रस्त्यांना व्हीजी-३० ही प्रत वापरतात.

थोडक्यात, ठेकेदाराच्या माणसाचे बोलणे म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडे.

दुसऱ्या दिवशी मी पुतणीला घेऊन त्या गावी गेलो. आधी सर्वांसमोर माझे कालचे "असेलही" परत घेतले. लाज वाटली, पण बोलल्यावर हलके वाटले. मग ती रस्ता चालू लागली, मागे आम्ही.

कडेचे लांब तडे पाहून ती थांबली. साइडपट्टी पायाने उकरली. मुरमाऐवजी निव्वळ काळी माती. पलीकडे पाणी काढायला चर नाही. ती म्हणाली, "काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि पाऊस संपला की सुकून आकसते. आकसताना रस्त्याची कड ओढून नेते. हे तडे दिसले थंडीत, पण ते थंडीने पडले नाहीत. जमीन सुकण्याचा मोसम तोच आहे." आपल्या शेतातली भेग आणि रस्त्यातली भेग सख्ख्या बहिणी आहेत, हे मला मातीच्या माणसाला आधीच सुचायला हवे होते!

मोरीजवळची जाळी पाहून ती म्हणाली, "इथे पाणी मुरते, पाया नरम पडतो आणि वरून भरलेल्या ट्रॉल्या जातात. थराची जाडीही तपासायला हवी. डोळ्यांनी सांगता येणार नाही, छिद्र पाडून नमुना काढावा लागेल."

आणि आडवे तडे?

राहिले आडवे तडे. ठेकेदाराच्या माणसाचा भर त्यांच्यावरच होता. पुतणीने पावले मोजली. एक तडा, मग साठ पावलांवर दुसरा, मग तिसरा तीनशे पावलांवर, चौथा त्याला लागूनच. ती म्हणाली, "थंडीचे तडे असे बेशिस्त नसतात. या प्रत्येक जागी खाली काय आहे?"

कोणीच बोलेना. शेवटी एका तरुण शेतकऱ्याने मान खाली घालून सांगितले, "ताई, पाइपलाइन आहे. माझी. आणि पुढची याची."

विहीर रस्त्याच्या अलीकडे, बाग पलीकडे. रात्रीतून चर खोदायचा, पाइप टाकायचा, माती लोटायची आणि मोकळे. वर डांबर पडले तरी खालची माती दबलेली नाही. ती बसली की वरचा थर आडवा फुटणारच. आपण हसे लोकांना आणि शेंबूड आपल्या नाकाला, अशी गत झाली. ठेकेदाराला नावे ठेवणाऱ्या मंडळींतच सहा जणांच्या पाइपलाइनी निघाल्या.

आजीबाई तिथेही होत्याच. म्हणाल्या, "बरं झालं पोरी. चोर घरातला बी धरलास अन् भायेरचा बी."

पुढे काय झाले

गावाने भांडण न करता लेखी अर्ज दिला. त्यात आपल्या पाइपलाइनींची चूक आधी कबूल केली आणि मग साइडपट्टी, चर आणि थराची जाडी यांची तपासणी मागितली. कबुलीमुळे अर्जाला वजन आले. संयुक्त पाहणी झाली. रस्त्याला छिद्रे पाडून नमुने काढले, तेव्हा मोरीजवळ थर ठरल्यापेक्षा पातळ भरला. तेवढा भाग ठेकेदाराला उकरून नव्याने करावा लागला. साइडपट्ट्यांवर मुरूम पडला, चर निघाला. सहा शेतकऱ्यांनी रीतसर परवानगी घेऊन, वर्गणी काढून, रस्त्याखालून मोठे पाइप टाकले आणि त्यांतून आपापल्या लाइनी नेल्या. चर थराथराने पाणी मारून, दाबून भरले. गेल्या पावसाळ्यानंतर मी मुद्दाम पाहायला गेलो. कडेला एक-दोन बारीक भेगा आहेत, काळी जमीन आपला स्वभाव सोडत नाही. पण रस्ता धड आहे.

बंधूंनो, एवढे लक्षात ठेवा

१. तड्याची दिशा पाहा. कडेने लांब असेल तर माती आणि पाणी पाहा. जाळीदार असेल तर पाया, थराची जाडी आणि वाहनांचा भार पाहा. ठराविक जागी आडवा असेल तर खाली कोणाचा चर आहे ते आठवा.

२. रस्त्याला पाण्यासारखा वैरी नाही. शेताचे जादा पाणी रस्त्यावर सोडू नका, कडेचा चर बुजवून बांध पुढे सारू नका.

३. पाइपलाइन न्यायची असेल तर रस्ता होण्याआधी, परवानगी घेऊन, मोठ्या पाइपातून न्या.

४. काम चालू असताना गावातली दोन जाणती माणसे तिथे असू द्या. व्हीजी-३० डांबराचा माल साधारण १५० ते १६५ अंशांवर मिसळतात, पसरताना तो १४० च्या खाली गेलेला नसावा. निळा धूर निघेपर्यंत तापवलेले डांबर प्लँटवरच म्हातारे होते. पार निवलेला माल पसरला तर तो दबत नाही. थर्मामीटर कुठे आहे, असे नम्रपणे विचारा.

५. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांची पहिल्या पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडेच असते. इतर रस्त्यांची मुदत फलकावर किंवा करारात पाहा. ती संपण्याआधी लेखी तक्रार करा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते.

६. नमुना नीट घ्या. शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत मधल्या भांड्यातले हवे, कडेला लागलेले नको. हे मातीला लागू आहे, दुधाला लागू आहे आणि रस्त्यालाही.

शेवटचे सांगणे मला आणि माझ्यासारख्या साहेब मंडळींना. जे ठाऊक नाही त्याबद्दल "विचारून सांगतो" म्हणावे. त्याने मान कमी होत नाही. परवा त्या गावातून पुतणीला निरोप आला, की ताई, आता नोकरी सोडून द्राक्षे लावायची गरज नाही, पण पुढच्या सुट्टीत बागेला पाहुणी म्हणून या. रस्ता चांगला आहे.